‘ॲक्टिव्हेट विंडोज’ या संदेशावर क्रॅक हा उपाय नव्हे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

संगणकाला व्हायरसची बाधा होते, तो दुकानात नेऊन साफ करून घेतला जातो आणि घरी आणून सुरू केल्यावर पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरे दिसू लागतात, ही तक्रार फोंडा, डिचोली, कुडचडे भागातल्या संगणक दुरुस्तीवाल्यांना नवी नाही. या अक्षरांचा अर्थ बहुतेक ग्राहक ‘आपले लायसन्स गेले’ असा लावतात आणि पुष्कळ दुकानदारही तसेच सांगून मोकळे होतात. मग थोड्याशा पैशांत एखादा ‘ॲक्टिव्हेटर’, म्हणजे परवाना नसताना तो असल्याचे विंडोजला भासवणारा क्रॅक, चालवला जातो, अक्षरे नाहीशी होतात, ग्राहक समाधानाने घरी जातो आणि काही काळाने तोच संगणक पुन्हा व्हायरस घेऊन दुकानाची पायरी चढतो. मी याच धंद्यात असल्यामुळे हे चक्र जवळून पाहतो. लायसन्स गेल्याचा समज हा त्यातला मधला दुवा आहे आणि तो बहुतेक वेळा निराधार असतो, हे आपल्या दैनिकाच्या वाचकांसमोर मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

विंडोजचा परवाना नेमका असतो कुठे, हे आधी समजून घ्यायला हवे. घरगुती ग्राहकांना ॲक्टिव्हेशनची, म्हणजे परवाना खरा असल्याची मायक्रोसॉफ्टकडून खात्री करून घेण्याची, ओळख झाली ती २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर. पंचवीस अक्षर-अंकांची ‘प्रॉडक्ट की’ त्या काळी संगणकाच्या डब्यावर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर छापलेली असे आणि आपल्याकडच्या दमट हवेत दोन-चार पावसाळ्यांत ती वाचेनाशी होई. २०१२ च्या विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत आणि लॅपटॉपमध्ये ही की मदरबोर्डवरच्या बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) चिपमध्येच लिहून येऊ लागली. २०१५ च्या विंडोज १० पासून त्यात ‘डिजिटल लायसन्स’ची भर पडली. म्हणजे त्या विशिष्ट यंत्राची हार्डवेअरवरून तयार केलेली ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते आणि २०१६ पासून ती वापरणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडूनही ठेवता येते. आपल्याला नेहमी भेटणारा व्हायरस धुमाकूळ घालतो तो हार्डडिस्कवर. बायोसमधली की किंवा दूरच्या सर्व्हरवरची नोंद त्याच्या हाती लागत नाही. तेव्हा हार्डडिस्क पूर्ण पुसून टाकली तरी योग्य विंडोज पुन्हा भरल्यावर आणि इंटरनेट जोडल्यावर असे यंत्र काहीही न विचारता आपोआप ॲक्टिव्हेट होते, व्हायला हवे.

मग अक्षरे येतात ती का? याची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्यामुळे ती वेगळी करून पाहणे हेच दुरुस्तीचे खरे काम आहे.

पहिले कारण व्हायरसने केलेली मोडतोड. सॅलिटी, व्हायरट यांसारखे जुने पण चिवट व्हायरस चालू शकणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये स्वतःला खुपसतात आणि अँटिव्हायरसने त्यांना उपसून काढले तरी मूळ फाइल धड राहतेच असे नाही. विंडोजमध्ये परवान्याची तपासणी ‘सॉफ्टवेअर प्रोटेक्शन’ नावाची एक सेवा करते. ती आपली नोंद ‘टोकन्स’ नावाच्या एका फाइलमध्ये ठेवते आणि संबंधित फाइलींमध्ये फेरफार झालेला आढळला तर परवाना मान्य करीत नाही. काही व्हायरस ही सेवाच बंद करून ठेवतात, काही रजिस्ट्रीतले (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातले) अधिकार बदलतात, त्यामुळे सेवा सुरू असूनही तिला स्वतःची नोंद वाचता येत नाही. काही व्हायरस यांपैकी कशालाच हात लावत नाहीत, फक्त इंटरनेटची वाट वळवतात. विंडोजच्या ‘होस्ट्स’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत चार ओळी घालून मायक्रोसॉफ्टचे आणि अँटिव्हायरस कंपन्यांचे पत्ते चुकीच्या जागी पाठवले, प्रॉक्सी (मधला मध्यस्थ सर्व्हर) बसवला किंवा डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याची जागा सांगणाऱ्या सेवेचा, पत्ता बदलला की झाले. डीएनएस बदलणाऱ्या अशाच एका टोळीला नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने पकडले. टोळीच्या सर्व्हरांच्या जागी चालवलेले तात्पुरते सर्व्हर ९ जुलै २०१२ रोजी बंद केले गेले, तेव्हा तोवर साफ न केलेल्या संगणकांचे इंटरनेटच थांबले. अशा यंत्रावर ॲक्टिव्हेशन होत नाही, कारण परवाना विचारायला निघालेला निरोप मायक्रोसॉफ्टपर्यंत पोचतच नाही. यात परवान्याचा काहीच दोष नसतो.

दुसरे कारण ग्राहकाला सांगायला दुकानदार कचरतात, कारण त्यातून त्यांचेच जुने काम उघडे पडते. संगणक घेतला तेव्हाच त्यात क्रॅक करून विंडोज भरलेले असते. ग्राहकाला याची गंधवार्ताही नसते. त्याने पैसे मोजलेले असतात आणि संगणक नीट चालत असतो. पुढे व्हायरस येतो, चांगला अँटिव्हायरस बसवला जातो आणि तो व्हायरसबरोबर हा ॲक्टिव्हेटरही उचलून बाजूला टाकतो, कारण त्याच्या लेखी तोही घातक प्रोग्रामच असतो. विंडोजमधला डिफेंडर हा अँटिव्हायरस अशा साधनांना ‘हॅकटूल’ म्हणून नावानिशी ओळखतो. ॲक्टिव्हेटर गेला की अक्षरे दिसू लागतात आणि दोष येतो बिचाऱ्या अँटिव्हायरसवर. खरे पाहता त्या यंत्राला परवाना कधी नव्हताच. तो नाही हे आता कळले, इतकेच.

तिसरे कारण सर्वांत क्षुल्लक आहे, पण माझ्या पाहण्यात त्यानेच सर्वाधिक लोक फसतात. भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ घरगुती लॅपटॉपवर ‘विंडोज होम सिंगल लँग्वेज’ ही आवृत्ती असते आणि बायोसमधली की तेवढ्याच आवृत्तीची असते. व्हायरस आला म्हणून फॉरमॅट करताना दुकानातला मुलगा हाताशी असलेल्या पेनड्राइव्हमधून ‘प्रो’ आवृत्ती भरतो. होमच्या किल्लीने प्रोचे कुलूप कसे उघडावे? अक्षरे येतात, ग्राहकाला लायसन्स संपल्याचे सांगितले जाते आणि वर ॲक्टिव्हेटर चालवला जातो. ज्या लॅपटॉपच्या किमतीत अस्सल विंडोजचे पैसे आधीच भरलेले आहेत, त्यावर चोरीचे विंडोज बसवण्याचा हा प्रकार पाहून हसावे की रडावे हे कळत नाही.

व्हायरसशी काहीही संबंध नसलेली दोन कारणे आपल्या गोव्यातल्या हवेमुळे विशेष दिसतात. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की वीज बंद होताच संगणक तारीख विसरतो आणि काही वर्षे मागे जातो. सुरक्षित संकेतस्थळांचे प्रमाणपत्र तपासताना तारीख जुळत नाही, मग बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, अँटिव्हायरस अद्ययावत होत नाही आणि ॲक्टिव्हेशनही अडते. ही सगळी लक्षणे एकत्र दिसली की व्हायरसचाच संशय येतो. उन्हाळी सुटीभर बंद राहिलेल्या शाळांच्या संगणकांत जूनमध्ये हे हमखास घडते, आणि त्यावरचा उपाय एका भाजीपावाच्या आसपास किमतीची बॅटरी बदलणे हा असतो. दुसरे कारण विजांचे. मान्सूनच्या आधीच्या गडगडाटात मदरबोर्ड जळाला आणि बाजारातला दुसरा बसवला, तर मायक्रोसॉफ्टच्या लेखी तो नवा संगणक ठरतो. अशा वेळी विंडोज दाखवते तो त्रुटीचा लांबलचक संकेतांक बहुधा ‘एफ२११’ ने संपतो. स्वतंत्र खोक्यातून विकत घेतलेला रिटेल परवाना असेल आणि तो खात्याशी जोडलेला असेल तर सेटिंग्जमधल्या ट्रबलशूटरमध्ये (अडचण शोधणाऱ्या सोयीत) ‘मी अलीकडे हार्डवेअर बदलले’ हा पर्याय निवडून तो परत मिळवता येतो. संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना मात्र मूळ बोर्डालाच बांधलेला असतो, म्हणून वॉरंटी असेल तर बोर्ड कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातूनच बदलून घ्यावा.

काही वेळा तर ती अक्षरेच खोटी असतात. २००७ मध्ये कार्डफिशर नावाचा एक ट्रोजन, म्हणजे साळसूद सोंग घेणारा घातक प्रोग्राम, आला होता. तो विंडोज एक्सपीच्या ॲक्टिव्हेशनसारखा हुबेहूब पडदा दाखवून क्रेडिट कार्डाचा क्रमांक आणि पिन मागत असे, आणि नकार दिला तर संगणक बंद करीत असे. आज हाच खेळ ब्राउझरच्या खिडकीत चालतो. ‘तुमचे विंडोज लायसन्स संपले आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा मोठा आवाज करणारा संदेश येतो, फोन केला की पलीकडचा माणूस दुरून संगणकाचा ताबा मागतो आणि पुढे बँकेचे खाते रिकामे होते. अस्सल विंडोज परवान्याची तपासणी करताना कार्डाचा पिन कधीही मागत नाही आणि त्याच्या खऱ्या संदेशात असा फोन नंबर मोठ्या अक्षरांत झळकत नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे आणि रायबंदर येथील सायबर गुन्हे पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. पैसे अडवून धरण्याच्या दृष्टीने पहिले काही तासच मोलाचे असतात.

आता दुरुस्तीच्या क्रमाविषयी. हा क्रम उलटा केला की सगळे फुकट जाते. आधी इंटरनेट तोडावे आणि आपली कागदपत्रे, छायाचित्रे, हिशेबाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्याव्यात, चालणारे प्रोग्राम मात्र घेऊ नयेत. मग सफाई. चालू विंडोजमधून केलेली तपासणी पुरेशी नसते, कारण विंडोज जागे असताना व्हायरसही जागा असतो. डिफेंडरमध्ये ‘ऑफलाइन स्कॅन’ नावाची सोय आहे. ती संगणक पुन्हा सुरू करून विंडोज उभे राहण्याआधीच तपासणी करते आणि साधारण पंधरा मिनिटे घेते. ती विंडोजमध्येच असूनही फारशी वापरली जात नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही सफाईची साधने मोफत मिळतात. डिफेंडरच्या ‘एक्सक्लूजन’ (तपासणीतून वगळलेल्या जागांच्या) यादीत एखादा फोल्डर कोणी घालून ठेवला आहे का, हे पाहायला विसरू नये. ॲक्टिव्हेटर बसवणारे पहिले काम हेच करतात आणि त्या सुरक्षित कोपऱ्यात मग काहीही लपून राहू शकते.

सफाई झाल्याची खात्री पटल्यावरच पुढे जावे. तारीख, वेळ आणि भारतीय वेळेचा विभाग तपासावा, होस्ट्स फाइल आणि प्रॉक्सी पाहावे, सॉफ्टवेअर प्रोटेक्शन ही सेवा बंद पाडलेली नाही ना हे पाहावे. मग इंटरनेट जोडून डीआयएसएम हा आदेश चालवून विंडोजचा मूळ साठा दुरुस्त करावा आणि त्यानंतर एसएफसी स्कॅननाऊ चालवून बिघडलेल्या फाइली त्या साठ्यातून बदलून घ्याव्यात. पुष्कळजण फक्त दुसरा आदेश चालवतात आणि तो ‘काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत’ असे सांगून थांबला की हात टेकतात. ज्या साठ्यातून चांगली फाइल घ्यायची तोच बिघडलेला असेल तर तो बिचारा काय करणार? यानंतर सेटिंग्जमधल्या ॲक्टिव्हेशनच्या पानावरचा ट्रबलशूटर चालवावा. एवढ्याने भागले नाही तर टोकन्सची फाइल नव्याने तयार करण्याचा मार्ग आहे, पण तो जाणत्याने करावा. ॲक्टिव्हेटर काढल्यानंतरही त्याने नेमलेला खोट्या सर्व्हरचा पत्ता आणि ठरावीक वेळी चालणारे काम मागे राहते. तेही काढले नाही तर विंडोज भलत्याच दारावर परवाना मागत बसते.

फाइली पोखरणारा व्हायरस असेल तर मात्र एवढी खटपट न करता स्वच्छ विंडोज नव्याने भरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून, दुसऱ्या निरोगी संगणकावर, आठ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करून घ्यावा. बायोसमध्ये की असेल तर सेटअप योग्य आवृत्ती स्वतःच निवडतो. डिजिटल लायसन्स असलेल्या यंत्रावर की विचारली गेली तर ‘माझ्याकडे की नाही’ हे निवडून आधीचीच आवृत्ती भरावी. मात्र फॉरमॅटपूर्वी तीन गोष्टी आठवणीने पाहायच्या असतात आणि तिथे घाई करणारा दुरुस्तीवाला ग्राहकाचे मोठे नुकसान करून ठेवतो. नव्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकर या विंडोजमधल्या सोयीने कुलूपबंद असू शकते आणि तिची ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे की नाही हे आधीच पाहावे लागते, अन्यथा त्या डिस्कवरची माहिती वाचता येत नाही. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे लायसन्स फॉरमॅटपूर्वी ‘सरेंडर’ करून ठेवले तर नंतरचा मनस्ताप वाचतो. आणि मराठी टंकलेखन करणाऱ्यांसाठी अधिक महत्त्वाचे म्हणजे देवस्थानांच्या, पंचायतींच्या आणि छोट्या छापखान्यांच्या कित्येक संगणकांवर अजून युनिकोडपूर्व (सर्व संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीच्या) काळातले फाँट वापरात आहेत. फॉरमॅटमध्ये ते फाँट गेले की महाजनांच्या (देवस्थानाच्या सभासदांच्या) याद्या आणि जुन्या सभांची इतिवृत्ते अगम्य चिन्हांची रांग होऊन बसतात, आणि लोकांना वाटते की व्हायरसनेच फाइली खाल्ल्या. फाँटचा फोल्डर आणि त्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा परवाना आधी जपून ठेवावा. मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये नेण्याचे काम केव्हातरी करावेच लागणार आहे.

क्रॅकबद्दल मी इतक्या कठोरपणे लिहितो त्याला कारण आहे. ॲक्टिव्हेटर चालवायचा तर अँटिव्हायरस बंद करा, प्रशासकाचे अधिकार द्या, अशी अट सुरुवातीलाच असते. व्हायरस लिहिणाऱ्याला याहून सोयीचे काय असेल? डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा संस्थेने दाखवून दिले की केएमएसपिको या ॲक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या एका इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट नावाचा माहितीचोर संगणकात शिरत होता. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांची माहिती आणि क्रिप्टो पाकिटे उचलतो. ॲक्टिव्हेशन मात्र खरोखर होत असे, त्यामुळे वापरणाऱ्याला संशयच येत नसे. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा स्टॉप किंवा डीजेव्हीयू हा रॅन्समवेअरही प्रामुख्याने क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या आडूनच पसरला. सामान्य घरातल्या लग्नाच्या फोटोंपासून दुकानाच्या जीएसटीच्या हिशेबापर्यंत सगळे काही त्याने अडकवले आहे.

आपल्याकडे या धोक्याला आणखी एक पदर आहे. कळंगुट, मोरजी, पाळोळे या किनाऱ्यांवरच्या छोट्या अतिथीगृहांना परदेशी पाहुणा आल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याच्या माहितीचा सरकारी फॉर्म (पूर्वीचा सी-फॉर्म) ऑनलाइन भरावा लागतो. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती संगणकात साठत जातात. अनेक ठिकाणी हे काम घरातल्याच एखाद्या जुन्या लॅपटॉपवर चालते. त्याच लॅपटॉपवर क्रॅक केलेले विंडोज असेल, तर पाहुण्यांची ओळखपत्रे आपणच उघड्यावर ठेवल्यासारखे होते. पतसंस्था आणि सहकारी सोसायट्यांच्या खातेदारांच्या आधार-पॅनच्या प्रतींबद्दलही हेच म्हणता येईल. त्यामुळे क्रॅक सापडलेला संगणक साफ केल्यावर पासवर्ड बदलावेत, आणि तेही दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. त्याच यंत्रावर घाईने बदललेला नवा पासवर्डही चोराच्या हाती जाण्याची शक्यता असते.

ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या स्वस्त की हाही या क्रॅकचाच सभ्य अवतार आहे. त्यांतल्या पुष्कळ की मोठ्या संस्थांना दिलेल्या व्हॉल्यूम परवान्याच्या असतात. त्या चालू होतात, काही महिन्यांनी मायक्रोसॉफ्ट ती की रोखते आणि कोपऱ्यातली अक्षरे परत येतात. सेकंड हँड बाजारात येणाऱ्या कंपन्यांच्या लॅपटॉपचीही एक गंमत आहे. संस्थांमध्ये केएमएस नावाचा सर्व्हर असतो, किमान २५ संगणकांनी विचारणा केल्याशिवाय तो कामच सुरू करीत नाही, आणि त्याने दिलेली मान्यता १८० दिवस टिकते. संस्थेच्या जाळ्यात असताना संगणक ती दर सात दिवसांनी वाढवून घेण्याचा प्रयत्न करतो. लॅपटॉप विकला जाऊन वाळपईच्या एखाद्या घरात आला की तो सर्व्हर त्याला भेटणार कुठून? सहा महिन्यांनी अक्षरे उगवतात आणि घरच्यांना वाटते की मुलाने गेम डाउनलोड करून व्हायरस आणला.

आपल्या संगणकावर नेमका कसला परवाना आहे हे पाहणे कठीण नाही. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत एस-एल-एम-जी-आर ही इंग्रजी अक्षरे, मग मोकळी जागा, तिरपी रेघ आणि एक्स-पी-आर असे लिहून एंटर दाबावे. घरगुती संगणकावर ‘कायमचे ॲक्टिव्हेट’ या अर्थाचे वाक्य दिसायला हवे. त्याऐवजी संपण्याची तारीख दिसली तर तो व्हॉल्यूमचा परवाना आहे आणि घरगुती संगणकावर त्याचे काही कारण नाही. एक्स-पी-आरच्या जागी डी-एल-व्ही लिहिले तर परवान्याचा प्रकार ओईएम, रिटेल की व्हॉल्यूम हे तपशिलाने कळते. ‘कायमचे’ दिसले म्हणजे सर्व काही कायदेशीर आहे असे मात्र सिद्ध होत नाही, कारण काही नवे क्रॅक तेही साधतात. बिल, खोके आणि संगणकावरची पट्टी यांच्याशी मेळ घालूनच निष्कर्ष काढावा.

लोक क्रॅककडे धावतात ते पुष्कळदा भीतीपोटी. अक्षरे आली म्हणजे उद्या संगणक बंद पडेल, फाइली जातील, असे त्यांना वाटते. विंडोज एक्सपीच्या काळात तीस दिवसांनी खरोखरच लॉगिन अडवले जात असे, त्याची ही आठवण असावी. विंडोज १० आणि ११ मध्ये तसे होत नाही. कोपऱ्यात अक्षरे राहतात, पडद्यामागचे चित्र आणि रंग सेटिंग्जमधून बदलता येत नाहीत, अधूनमधून आठवण करून दिली जाते. फाइली उघडतात, छपाई होते, विंडोज ११ मध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्याही येत राहतात. याचा अर्थ परवान्याशिवाय बेमुदत वापरावे असा मुळीच नाही, पण खरे कारण शोधायला आठवडाभर सवड नक्कीच असते. विंडोज १० साठीच्या नेहमीच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यापासून जुने संगणक घाईघाईने ११ वर नेण्याची लाट आहे, आणि विंडोज ७ ची जुनी की चालवून देतो असे सांगणारेही भेटतात. जुन्या ७ व ८ च्या किल्ल्यांवर नवे विंडोज ॲक्टिव्हेट करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली आहे, हे अशांना ऐकवावे. केवळ पत्रे लिहिणे, मराठी टंकलेखन आणि इंटरनेट एवढेच काम असलेल्या जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली भरणे हा मला तरी अधिक प्रामाणिक मार्ग वाटतो. त्यात ॲक्टिव्हेशनचा प्रश्नच उद्भवत नाही.

कायद्याचाही उल्लेख करायला हवा. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस आणि कमाल तीन वर्षे कैद, तसेच पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. नफ्याकरिता किंवा व्यवसायात वापर नसेल तर कैदेऐवजी केवळ दंड करण्याची मुभा न्यायालयाला आहे. पंचायत, पतसंस्था किंवा अतिथीगृह यांना घरगुती वापराचा बचाव सहजी मिळेल असे वाटत नाही. दुकानदार नामानिराळा राहतो आणि अडकतो तो बिल हातात नसलेला ग्राहक.

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि ती माझ्या व्यवसायबंधूंनाही लागू आहे. संगणक फॉरमॅट करून देताना पावतीवर विंडोजची आवृत्ती, परवान्याचा प्रकार आणि तो ग्राहकाच्या मूळ परवान्यावर ॲक्टिव्हेट झाला की नाही हे लिहून द्यावे, आणि ग्राहकाने ते लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ज्याने ॲक्टिव्हेटर चालवला आहे तो हे लिहून देणार नाही आणि तिथेच ग्राहकाला काय ते कळेल. पंचायती, देवस्थान समित्या आणि सहकारी संस्थांनी आपल्या जडसंग्रह वहीत टेबल-खुर्च्यांच्या ओळीत संगणकाची नोंद होते तिथेच त्याचा परवाना, तो कोणत्या खात्याशी जोडला आहे ते, आणि खरेदीचे बिल नोंदवावे. हे खाते संस्थेच्या नावाचे असावे. सध्या ते बऱ्याचदा एखाद्या कारकुनाच्या खाजगी ईमेलवर उघडलेले असते, आणि त्याची बदली झाली किंवा तो निवृत्त झाला की पुढच्या फॉरमॅटला तो परवाना सिद्ध कसा करायचा हे कोणालाच ठाऊक नसते. लेखापरीक्षकांनी दरवर्षीच्या तपासणीत ही नोंद एकदा मागितली, तरी पुष्कळ कार्यालयांतले क्रॅक आपोआप उघडे पडतील.

आपला नम्र,
संगणक दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
फोंडा, गोवा